शुक्रवारचं पॅकेज

महाडच्या बाजारपेठेत, भांड्यांच्या दुकानावर, आमचं दोन खोल्यांचं ऑफिस होतं. आतल्या खोलीत एक जुना कॉम्प्युटर असायचा. त्यावर ना आमची कामं, ना गाणी, ना कुणाचे फोटो. लागतं तेवढं सोडून त्यात काहीही ठेवायचं नाही, असा रऊफचा दंडक होता. त्या कॉम्प्युटरला तो ‘सासर’ म्हणायचा.

‘‘माहेरी सगळ्याच पोरी गुणाच्या,’’ तो म्हणे. ‘‘सासरी चालली तर खरी.’’

आमचा धंदा वेबसाइट बनवायचा. साइट उभी झाली की पुढे मालकाला काहीतरी वेगळं हवं असतं. शाळेला निकाल दाखवायचा असतो, डॉक्टरला पेशंटचे नंबर लावायचे असतात. असा एकेक वेगळा भाग तयार करून साइटला जोडतात, त्याला मॉड्यूल म्हणतात. तो लिहायचा, कंपाइल करायचा, म्हणजे माणसाला वाचता येणारं सगळं दळून यंत्राच्या कामाचं करायचं, आणि मग त्याचं एक बंद पॅकेज बांधून मालकाच्या साइटवर नेऊन उघडायचं. लिहिणाऱ्याच्या मशीनवर ते नेहमीच चालतं, कारण त्याला लागणारं सगळं तिथं आधीपासून सांडलेलं असतं. दुसरीकडे गेलं की अडतं. म्हणून आमचं प्रत्येक पॅकेज आधी सासरी जाऊन यायचं. तिथं रुसलं की रऊफ ते परत आणायचा आणि दिवसभर कुणाशी बोलायचा नाही.

रऊफ दासगावचा. कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. नंतर तो दोह्याला गेला, तिकडे एका कंपनीत हेच काम शिकला, आणि वडील गेल्यावर आई एकटी पडली म्हणून परत आला. मी तोवर लग्नपत्रिका टाइप करत होतो आणि लोकांचे ऑनलाइन अर्ज भरून देत होतो. त्याने मला धंद्यात ओढलं. उंच, खांद्यात जरा वाकलेला, शर्टाच्या खिशात कायम एक जाड काळा मार्कर. पेन नाही. सहीला पेन लागलं की माझंच घ्यायचा, आणि परत द्यायचा नाही.

तो मार्कर खोक्यांचा. आखातातून आलेल्या माणसाचं खोकं आमच्याकडे लांबूनच ओळखू येतं. नायलॉनच्या दोरीने आडवंउभं आवळलेलं आणि अंगावर ठळक अक्षरांत नाव, गाव, तालुका. बाकीचे एका बाजूला लिहितात. रऊफ सगळ्या बाजूंना लिहायचा, तळालासुद्धा. मी एकदा हसलो तर म्हणाला, विमानतळाच्या पट्ट्यावर खोकं कसंही पडतं, कुठलीही बाजू वर आली तरी माणूस सापडला पाहिजे.

पॅकेजचंही तेच. आत एक लहानशी फाइल असते. हे काय आहे, कितवी आवृत्ती आहे, कुणी बनवलं, एवढंच तिच्यात. लोक तिथं कंपनीचं नाव टाकतात किंवा जुन्याच कामातली फाइल उचलून ठेवून देतात. रऊफ स्वतःचं पूर्ण नाव, दासगाव, तालुका महाड आणि फोन नंबर घालायचा. मी म्हटलं, अरे, ही फाइल कोण उघडून बघतंय?

‘‘बघत नाय कोण. पण आत काय फुटलं तर कुणाला धरायचं ते ठरलेलं बरं. नाव घालणं म्हणजे मिरवणं नाय रे सुद्या. जबाब द्यायची तयारी.’’

तो काही संत नव्हता. दोह्याच्या त्याच त्या गोष्टी सांगून तो पकवायचा. त्याच्या कपातून कुणी चहा घेतला तर कप खिडकीत ठेवून द्यायचा, पुन्हा हात लावायचा नाही. माझ्या कामाला त्याने कधी चांगलं म्हटलं नाही, फार तर ‘चालेल’. कंपाइल चालू असताना मात्र त्याचा वेगळाच अवतार. कीबोर्डवरून हात काढून मांडीवर ठेवायचा आणि पडद्याकडे बघत बसायचा. मी काही विचारलं तर एक बोट वर करायचा. संपलं की खाली चुकांची यादी येते. तांबड्या ओळी म्हणजे काम अडलं. पिवळ्या म्हणजे नुसता इशारा, काम पुढे जातं. सगळे पिवळ्या सोडून देतात. हा त्या एकेक करून मोठ्याने वाचायचा.

‘‘तांबड्याची काळजी नाय, तो बोंबलतो,’’ म्हणायचा. ‘‘पिवळा गप असतो. त्याच्यावर नजर ठेवायची.’’

त्याचा आणखी एक नेम महाडभर माहीत होता. शुक्रवारी तो कुठलंही पॅकेज मालकाच्या साइटवर चढवायचा नाही. पाचाडकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक शुक्रवारी निकाल लावायचाच म्हणून अडून बसले. हा नाही म्हणाला, तेव्हा ते फार समजूतदारपणे म्हणाले, ‘‘बरोबर आहे, तुमचा जुम्मा असतो.’’

‘‘जुम्म्याचा काय संबंध, सर? शुक्रवारी चढवलं आणि बिघडलं, तर शनिवार-रविवार तुमच्याकडं फोन उचलायला कोण हाय?’’

सर गेले. पण बाहेर गेली ती जुम्म्याचीच गोष्ट. रऊफ लोकांना दुरुस्त करत बसला नाही. शुक्रवारी सकाळचं काम उरकून तो दासगावला जायचा, गावच्या मशिदीत नमाज, आईबरोबर जेवण, आणि चारपर्यंत परत. त्या वेळात ऑफिसात मी एकटा असायचो.

पोलादपूरच्या वरच्या गावांना पावसाळ्यात पाण्याचा पूर आणि एप्रिल उजाडला की हंड्यांच्या रांगा. डोंगरात पाणी राहत नाही, सगळं सावित्रीला जाऊन मिळतं. त्या गावांतल्या मुंबईकरांचं एक मंडळ उन्हाळ्यात टँकर पाठवायचं. टँकर एकच, गावं पुष्कळ. दरवर्षी भांडण. मंडळाचा सेक्रेटरी विलास, माझा आतेभाऊ. त्याने आम्हाला काम दिलं. ज्या गावाने आधी मागणी घातली त्याचा नंबर आधी, पाणी मिळालं की ते गाव शेवटी, आणि ही यादी कुणालाही मोबाइलवर दिसली पाहिजे. साधं काम. रऊफने त्यात महिना घातला.

तेवढ्यावर न थांबता तो म्हणाला, वापरणारी माणसं बघून येऊ. आम्ही मोटरसायकलवरून सगळ्यात वरच्या वाडीला गेलो. रस्ता जिथं संपतो तिथं आंब्याखाली एक काळी टाकी, आणि तिथून वर पायवाट. वाडीत म्हातारी माणसं आणि सुना. ठकूबाई नावाची एक बाई सगळ्यांच्या वतीने बोलत होती. साठीची, काटक, तोंडाची फटकळ. रेंज फक्त वरच्या टेपाडावर, तर रऊफ तिच्याबरोबर टेपाडावर चढला आणि तिच्या मुलाच्या मोबाइलवर यादी कशी बघायची ते तिला दाखवलं. तिला वाचता येत नव्हतं. त्याने महाडला परतल्यावर मॉड्यूलमध्ये प्रत्येक गावापुढे एक चित्र घातलं. त्यांच्या वाडीला आंबा.

वाडीत आम्हाला पाणी दिलं. अर्धा अर्धा पेला देतील असं मला वाटलं होतं. ठकूबाईने तांब्या काठोकाठ भरून रऊफच्या हातात दिला आणि तो पिईपर्यंत समोर उभी राहिली.

‘‘दर साली आमचा नंबर मधीच गिळतात,’’ ती म्हणाली. ‘‘ह्या तुझ्या मशिनीला कोण सांगंल ना, ह्यांना मागं टाक म्हणून?’’

‘‘नाय मावशी. मशिनीला फक्त मी सांगतो. माझं नाव हाय त्यात.’’

‘‘बघ हां. पानी पिलास माजं.’’

पोलादपूरला चहाला थांबलो तेव्हा मी म्हटलं, कशाला एवढा शब्द देत बसलास? तर म्हणाला, शब्द कुठं दिला, जे हाय ते सांगितलं.

आता माझं.

मॉड्यूल सुरू होऊन थोडे दिवस झाले आणि विलासचा फोन आला. मंडळाला ज्यांचा आधार आहे अशी दोन गावं आणि तिसरं आमचं, म्हणजे माझंही. यांची मागणी आली की ती वर जावी, एवढी सोय कर. अडीअडचणीसाठी. कुणी आजारी असतं, कुणाकडे कार्य असतं. मी म्हटलं, रऊफला विचारतो. तो म्हणाला, त्याला कशाला? तो नाही म्हणणार, मग विषय वाढणार. आणि मग म्हणाला, ‘‘मामी हंडा घेऊन विहिरीवर जाते अजून. तुला दिसतंय ना?’’

मामी म्हणजे माझी आई. ते दिसत होतं. पण खरं लिहायचं तर मी त्यासाठी ते केलं नाही. मला विलासला नाही म्हणता आलं नाही. लहानपणापासून आलं नव्हतं.

शुक्रवार होता. रऊफ दासगावला गेलेला. मी त्याचं काम माझ्या मशीनवर उतरवून घेतलं आणि त्यात चार ओळी घातल्या. कंपाइल केलं. एक पिवळी ओळ आली, ती वाचली नाही. नियमाप्रमाणे बदल झाला की आवृत्तीचा आकडा वाढवायचा असतो. मी तोच ठेवला, म्हणजे बदल झाल्याचं कुणाला दिसणार नाही. नावाच्या फाइलीला हात लावला नाही. तिथं रऊफचं नाव होतं, ते राहिलं. पॅकेज सासरी नेलं नाही. सरळ मंडळाच्या साइटवर चढवलं, आणि माझ्या मशीनवरच्या त्या चार ओळी पुसून टाकल्या. दळल्यावर पिठात कुणाचा दाणा कुठला ते सांगता येत नाही, हे मला रऊफनेच शिकवलं होतं. चार वाजता तो आला. आईने दिलेल्या तांदळाच्या भाकऱ्या आणि सुक्या बोंबलाची चटणी माझ्यासाठी घेऊन आला होता. मी खाल्ली.

पुढच्याच आठवड्यात आमच्या गावात टँकर आला, मग परत आला. आई वाटेवर येईल त्याला सांगायची, माझ्या सुधीरने कॉम्प्युटरमधनं पाणी आणलं. मी गावी गेलो तर बायका पिंपं दाखवायच्या. मला ते आवडलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मला ते फार आवडलं.

मे संपत आला होता तेव्हा ठकूबाईचा मुलगा बाळू ऑफिसात आला. उभ्यानेच बोलला. यादीत त्यांचा आंबा चौथ्या नंबरावर चढला तो तिथंच राहिला. वरची गावं पाणी घेतात, परत मागतात, परत वर. वाडीने महिनाभर खालच्या झऱ्याचं पाणी वाटीवाटीने भरलं. त्या उतारावर आईचा पाय सरकला. खुबा मोडला. महाडला दवाखान्यात आणलीय.

रऊफने त्याला खुर्ची दिली, तो बसला नाही. मग रऊफने साइटवरचं मॉड्यूल जसंच्या तसं उतरवून आतल्या खोलीत नेलं आणि सासरी चढवलं. दोनतीन खोटी गावं घालून मागणी टाकली, मग आमच्या गावाची टाकली. आमचं गाव सगळ्यांच्या डोक्यावर जाऊन बसलं. मी दारात उभा होतो. त्याने पुन्हा एकदा करून बघितलं. मग फाइल कधी कंपाइल झाली ती तारीख उघडली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं.

‘‘शुक्रवारचं हाय,’’ तो म्हणाला.

हे माझ्याकडे वळून म्हणाला नाही. पडद्याला म्हणाला असावा. मला वाटलं, आता विचारेल. विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, असं मी पुढे कितीतरी वेळा मनाशी म्हटलंय. त्याने विचारलं नाही. तो सांगायची वाट बघत होता, हे कळण्याइतकी अक्कल मला तेव्हाही होती.

त्याच बैठकीत त्याने जुनं काम पुन्हा कंपाइल केलं, आकडा वाढवला, सासरी चालवून बघितलं आणि चढवलं. दुसऱ्या दिवशी वाडीला टँकर गेला. मग आम्ही दवाखान्यात गेलो.

ठकूबाई खाटेवर उताणी होती, पायाला वजन बांधलेलं. वाडीत बघितली त्याच्या निम्मीच वाटत होती. रऊफ स्टुलावर बसला. मी शहाळ्यांची पिशवी घेऊन दारातच राहिलो. त्याने तिला चूक झाली, आता दुरुस्त केली, टँकर आला, असं सगळं हळूहळू सांगितलं. ती छताकडे बघत ऐकत होती. मग मान वळवली.

‘‘तुजं नाव व्हतं ना रं त्यात?’’

माझ्या हातातली पिशवी वाजली.

‘‘व्हतं, मावशी,’’ तो म्हणाला.

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. त्याने उशाच्या तांब्यातून पेल्यात पाणी ओतून ठेवलं. आम्ही होतो तोवर तिने ते घेतलं नाही. ती त्या खाटेवरून उठली, पण वाडीत परत चढली नाही. बाळूने एमआयडीसीजवळ खोली घेतली. तिच्या मागोमाग आणखी घरं उतरली. आता वर वाडी म्हणावी असं फारसं उरलेलं नाही.

मंडळाची सभा पोलादपूरला झाली. विलास म्हणाला, मॉड्यूल बनवणाऱ्याकडून घोटाळा झाला, मंडळाचा त्याच्याशी संबंध नाही. मागून कुणीतरी बोललं की पाण्याचं काम त्या लोकांकडे द्यायलाच नको होतं. दोघेतिघे हसले. रऊफ उभा राहिला. मला वाटलं, आता बोलणार. त्याने एकदा माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघत होतो. ‘‘पॅकेज माझ्या नावाचं हाय, जबाबदारी माझी,’’ एवढंच म्हणून तो खाली बसला. मंडळाने ते मॉड्यूल काढून टाकलं. आता टँकर पुन्हा फोनवर ठरतो, आणि कुणाच्या फोनवर ते सगळ्यांना माहीत आहे.

त्यानंतर कामं एकेक करून सुटली. पाचाडच्या सरांनी निरोप पाठवला की यंदा दुसरीकडे देतोय. कुणी कारण सांगत नव्हतं, रऊफही विचारत नव्हता. ऑफिसात तो येऊन बसायचा. माझ्याशी नीट वागायचा, भाकऱ्या आणायचा. फक्त माझ्या मशीनवर तयार झालेलं काम सासरी चालवून बघायचं त्याने सोडलं. मी म्हटलं, बघतोस का? तर म्हणे, तू बघितलंयस ना, मग चालेल.

पुढच्या वर्षी तो परत दोह्याला गेला. पन्नाशीला टेकलेल्या माणसाला तिकडे आता हे काम कोण देणार? कुठल्याशा गोदामात माल बांधायच्या कामावर लागला. आई दासगावात एकटीच आहे. दर ईदला ती माझ्याकडे शीरखुर्मा पाठवते, माझ्या रऊफचा दोस्त म्हणून. मी डबा धुऊन परत पाठवतो.

माझी आई गेली त्याला आता वर्ष होईल. ती जाईपर्यंत तेच सांगत होती, सुधीरने पाणी आणलं. ती असेपर्यंत हे लिहिणं मला जमलं नसतं. आता लिहून कुणाचं काय होणार, हेही कळत नाही. रऊफला मी एकदा मोठा मेसेज लिहून पाठवला, सगळं कबूल करून. दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर आलं नाही.

तो दोह्याला निघाला त्या दिवशी मी दासगावला गेलो होतो. भर दुपार होती. हायवेच्या कडेला मुंबईची गाडी उभी, आणि त्याच्या अंगणात एकच खोकं. आत घरचा तांदूळ, कोकम, सुकट. तो दोरी आवळत होता. मला बघून म्हणाला, ‘‘बोट धर.’’ गाठ मारताना मधे दुसऱ्याचं बोट लागतं, ती नेहमी माझीच पाळी असायची. मी खाली बसलो आणि दोरीवर बोट दाबून धरलं. आमची डोकी जवळजवळ लागली होती.

‘‘रऊफ,’’ मी म्हटलं.

तो थांबला. गाठ अर्धी झाली होती. बराच वेळ थांबला, निदान मला तसं वाटलं. माझ्या तोंडून पुढचं आलं नाही.

‘‘काढ बोट,’’ तो म्हणाला, आणि गाठ आवळली.

खोकं त्याने स्वतःच उचलून हायवेपर्यंत नेलं. गाडीच्या टपावर चढवताना ड्रायव्हरने ते फिरवून फिरवून बघितलं.

‘‘नाव नाय टाकलं, चाचा? हरवंल की.’’

रऊफने खिशाला हात लावला. मार्कर होता तिथं. मग हात खाली घेतला आणि म्हणाला, ‘‘राहू दे.’’

आईने दारातून हात केला. तो आत बसला, काच वर केली. गाडी वळणाला जाईपर्यंत मला टपावरचं खोकं दिसत होतं. दोरीच्या मधल्या चौकोनांत नुसता कोरा पुठ्ठा.